ट्रम्पेट कोण वाजवतंय?

दरवर्षी ३० एप्रिलला माझ्या फोनवर एक ठरावीक फोटो येतो. कृष्णधवल, किंवा मुद्दाम पिवळसर केलेला. ताजमहाल हॉटेलचा हॉल, पांढरी डिनर जॅकेटं घातलेले दहाबारा वादक, पुढे चकाकणारे सॅक्सोफोन, मागे ड्रम. ३० एप्रिल हा युनेस्कोने जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. फोटोखाली 'एकेकाळचं बॉम्बे' छापाचा मजकूर आणि बदामांची रांग. मीही एक बदाम टाकतो आणि अंगठा पुढच्या रीलकडे जातो.

या वेळी बदाम टाकण्याआधी मी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. कोण आहेत हे लोक? मजकूर परत वाचला. हॉटेलचं नाव होतं, दशक होतं, झुंबराचंही कौतुक होतं. वादकांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

मुंबईच्या जॅझची आठवण काढणाऱ्या बऱ्याच गोष्टी गेल्या पंधराएक वर्षांत आल्या. एक भारी पुस्तक आलं, एक महागडा हिंदी सिनेमा आला, एक कमी पैशातला कोकणी सिनेमा आला, काही माहितीपट आले. त्यांतल्या बहुतेक मी आवडीने वाचल्या-पाहिल्या आहेत. पण त्या फोटोनंतर माझी बघण्याची रीत थोडी बिघडली. आता प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न घेऊन बसतो : यात ट्रम्पेट कोण वाजवतंय?

आधी पुस्तक, कारण बाकी सगळ्यांनी कमीअधिक त्यातूनच उचललंय. नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' २०१२ च्या सुमाराला आलं. नाव एका ध्वनिमुद्रिकेवरून घेतलंय : १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या बँडने या नावाची एक धून मुंबईत वाजवली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ ला, लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला संपूर्ण कृष्णवर्णीय बँड घेऊन ताजमध्ये आला. त्यानंतर आला टेडी वेदरफोर्ड, शिकागो गाजवलेला पियानोवादक. तो याच भागात रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हतं, ते गोऱ्या साहेबाच्या वसाहतीत येऊन राजेमहाराजांना नाचवत होते. ही विसंगती पुस्तक नीट पकडतं.

पुस्तकाची खरी कमाई मात्र पुढे आहे. हे अमेरिकन पाहुणे वाजवत होते तेव्हा त्यांच्या बाजूला बसून कोण शिकत होतं? गोव्याचे वादक. ही मुलं पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलिपी वाचायला शिकलेली. गावात शेत कमी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून बोटीने मुंबईला आलेली. धोबीतलावच्या आसपास ती आपापल्या गावच्या 'कुडां'त उतरत. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी सामायिक खोली : भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, समोर गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गाळ्याची आठवण यावी अशी व्यवस्था. जेर महालच्या इमारतीत अशी कुडं आहेत. खाली कयानीत तुम्ही बन-मस्का खाल्ला असेल, तर तुम्ही या इतिहासाच्या बरोबर खाली बसून चहा प्यायला आहात.

फर्नांडिस नावं देतात, आणि भरपूर देतात. पारशी सॅक्सोफोनवादक रुडी कॉटन, जन्मनाव कावसजी खटाव. फ्रँक फर्नांड. चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. म्हणून माझ्या प्रश्नाला या पुस्तकाकडे उत्तर आहे. माझी तक्रार त्याच्या देखणेपणाबद्दल आहे. चकचकीत कागद, मोठमोठे फोटो; दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवायला शोभेल असं हे पुस्तक. माणसाने आत शिरून वाचलं तर कूड भेटते, घामाचा वास येतो. चाळलं तर फक्त झुंबरं दिसतात. आणि अशी पुस्तकं बहुतेक जण चाळतात. त्या ३० एप्रिलच्या पोस्टी चाळणाऱ्यांनी लिहिलेल्या असतात, असा माझा अंदाज आहे.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर 'जॅझ' हा शब्द नुसता वातावरणासाठी फिरत राहील. ख्याल ऐकलेल्या माणसाला जॅझ समजायला खरं तर जड जाऊ नये. गवई बंदिश मांडतो आणि मग आवर्तनाच्या चौकटीत दर खेपेला नवीन काही बोलून समेवर येतो. जॅझवादक असंच करतो. त्याची चौकट असते एखाद्या गाण्याखालच्या स्वरसंघांची, म्हणजे कॉर्ड्सची, साखळी. ती साखळी फिरत राहते, आणि तो तिच्यावर त्या क्षणी सुचेल ती नवी धून रचतो. बाकीचे ऐकतात, दाद देतात, मध्येच चिमटा काढतात. उपज हा शब्द आपल्याकडे आहेच. म्हणजे एका रात्री जे वाजलं ते दुसऱ्या रात्री वाजत नाही. जपण्याच्या दृष्टीने ही मोठी पंचाईत आहे. हॉटेलांत, क्लबांत वाजलेल्या हजारो रात्रींपैकी फारच थोडं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर उतरलं. बाकी सगळं हवेत गेलं.

तर मग आता सिनेमे.

'बॉम्बे वेल्व्हेट' मे २०१५ मध्ये आला आणि तिकीटबारीवर आपटला. अनुराग कश्यपचा सिनेमा, ग्यान प्रकाश यांच्या 'मुंबई फेबल्स' या पुस्तकावरून, पटकथेतही त्यांचा हात. साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभी केली होती. पडला म्हणून त्याला लाथा घालायला मी आलेलो नाही. अमित त्रिवेदीचं संगीत त्या वर्षीच्या हिंदी सिनेमातलं सर्वांत कसदार काम होतं असं मला आजही वाटतं. 'धडाम धडाम'मध्ये नीती मोहन जेव्हा वरच्या पट्टीत जाते आणि ब्रास तिच्याखाली जमीन धरतो, तेव्हा अंगावर काटा येतो. 'सीआयडी'मधलं, गीता दत्तने गायलेलं 'जाता कहाँ है दीवाने' पुन्हा वाजवून घेतलं, हाही चांगला विचार.

पण पडद्याकडे बघा. रोझी नोरोन्हा गाते, कॅमेरा तिच्यावर. जॉनी तिच्याकडे बघतो, कॅमेरा त्याच्यावर. खंबाटा दोघांकडे बघतो, कॅमेरा त्याच्यावर. मागे धुरात, निळ्या उजेडात, पंधरावीस माणसं वाद्यं वाजवत आहेत. त्यांतला एकही सिनेमात पात्र म्हणून माझ्या लक्षात राहिला नाही. त्यांना घर नाही, भाडं नाही, पहाटे तीन वाजता ट्रम्पेटची केस घेऊन कुठे जायचं हा प्रश्न नाही. क्लबच्या नावाचा सिनेमा, आणि क्लबमध्ये नोकरी करणारे लोक सामानात जमा. गँगस्टरला पार्श्वभूमी लागते, म्हणून जॅझ. त्याच जागी कव्वाली ठेवली असती तरी पटकथेतलं एक पान हललं नसतं.

दिग्दर्शकाने वादकांना दुर्लक्षित ठेवलं हे ऐतिहासिकदृष्ट्या अगदी अचूक आहे, असं कोणी म्हणू शकेल. तेव्हाही कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. खरं आहे. पण इतक्या खर्चाने भूतकाळ पुन्हा बांधायचा आणि त्यात नेमकी जुनी नजर तेवढी जशीच्या तशी ठेवायची, याला काय म्हणायचं?

मधली एक कडी सांगतो, कारण ती नसेल तर पुढचं कळणार नाही. स्वातंत्र्यानंतर गोरे गेले, संस्थानिकांचे खिसे आखडले. त्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बार नाही म्हणजे रात्रीचं गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर आठदहा जणांचा बँड कोण पोसणार? क्लब एकदम बंद पडले नाहीत. चर्चगेट स्ट्रीटवर पुढेही बरीच वर्षं वाजत राहिलं. पण पोट भरायची जागा बदलली. ती आता होती फिल्म स्टुडिओत.

तिथलं काम असं चाले. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा, गाऊन दाखवायचा. त्याला बहुधा पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येत नसे. मग ॲरेंजर ती कागदावर उतरवून घ्यायचा : कुठे व्हायोलिनं, कुठे क्लॅरिनेट, दोन अंतऱ्यांच्या मधल्या जागेत काय भरायचं, गायिकेच्या ओळीमागे ट्रम्पेटने हळूच काय उत्तर द्यायचं. प्रत्येक वाद्यासाठी वेगळं पान. सगळे एका खोलीत, एकाच दमात रेकॉर्डिंग, कोणी चुकला तर पहिल्यापासून. रेकॉर्डिंग संपलं की त्या पानांचं काम संपलं. आणि श्रेयनामावलीत ॲरेंजरचं नाव? असलं तर फार तर 'साहाय्यक'. वादकांचं तर नाहीच.

आता 'अलबेला' घ्या. १९५१. भगवानदादांचा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 'अनारकली'तलं 'ये ज़िंदगी उसी की है' ज्यांनी केलं, त्यांनीच 'शहनाई'तलं 'आना मेरी जान संडे के संडे' केलं, आणि ही दोन्ही टोकं एका माणसात कशी मावतात हे मराठी रसिकांनी पुरेशा आश्चर्याने अजून विचारलेलं नाही. 'शोला जो भड़के' इअरफोन लावून ऐका. शब्द सोडून द्या, लता आणि चितळकर दोघांनाही थोडा वेळ बाजूला ठेवा. खाली बोंगो किती सुटसुटीत चालतोय, क्लॅरिनेट आणि ब्रास मधल्या जागेत कसे एकमेकांना टोमणे मारतायत ते ऐका. भारतीय सिनेमात हे कानाला तोवर फारसं पडलेलं नव्हतं. रामचंद्रांच्या या गाण्यांमागे त्यांचा उजवा हात होता चिक चॉकलेट. ताजमध्ये रात्री बँड चालवणारा ट्रम्पेटवादक दिवसा स्टुडिओत रामचंद्रांच्या चालींना हा पेहराव चढवत होता.

आणि याच सिनेमातल्या 'दीवाना ये परवाना'मध्ये तो दिसतो! चिक आणि त्याचा बँड स्वतः पडद्यावर, बाह्यांना झालरी लावलेले लॅटिन थाटाचे कपडे घालून. मी ते गाणं बऱ्याचदा पाहिलं होतं. कळल्यावर पुन्हा पाहिलं आणि एखाद्या जुन्या ग्रुप फोटोत अचानक आपला काका सापडावा तसं झालं. हळदोण्याचा माणूस, कपडे क्यूबाचे, चाल पुणतांब्याची, आणि समोर नाचतोय परळ-दादरच्या गिरणगावात वाढलेला मराठी नट. हे मुंबईचं जॅझ. त्याला ताजच्या झुंबराची गरज नाही.

चिकला तेव्हा 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. आपल्याकडे प्रत्येक थंड गावाला कुठलं तरी काश्मीर म्हणतात, त्यातला प्रकार. कौतुक खरं, पण त्या कौतुकात माणूस आपला राहत नाही, कोणाची तरी स्वस्त आवृत्ती होतो. खरा आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेला. त्याआधी १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आला होता, तो इथे अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसला. अमेरिकन सरकारच त्यांना जगभर पाठवत होतं. त्या भेटींचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. पाहुण्यांच्या वह्या आपण नीट जपतो.

आता एक कबुली. गेल्या तीन परिच्छेदांत मी भगवानदादांना 'दादा' म्हणालो, रामचंद्रांना 'त्यांनी' म्हणालो, सतारियांना 'खाँसाहेब' म्हणालो, आणि चिक चॉकलेटला सरळ 'तो'. मुद्दाम केलं नाही. हाताने आपोआप लिहिलं, आणि परत वाचताना खटकलं. त्यांचा जन्म १९१६ चा. रामचंद्रांपेक्षा वयाने मोठे. पाश्चात्त्य वाद्य वाजवणारा, इंग्रजी टोपणनावाचा ख्रिस्ती माणूस मराठीत लिहिताना एकेरीत का येतो, यावर वेगळा लेख होईल. हे बदलून टाकणार होतो, पण राहू दे. सी. रामचंद्रांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आपल्या कपाटात आहे. १९६७ मध्ये वारलेल्या चिक चॉकलेट यांच्या नावाचं असं पुस्तक मला मराठीत कधी दिसलं नाही. 'तो' आणि 'ते' यांच्यातलं अंतर हे एवढं आहे.

जॅझचे कट्टर चाहते इथे हरकत घेतात, आणि ती हलकी नाही. ते म्हणतात, सिनेगीतात सगळं लिहिलेलं असतं; उपज नाही तर जॅझ कसलं? तुमच्या 'शोला जो भड़के'मध्ये ट्रम्पेटवाल्याला मिळतात मोजून काही मात्रा, त्याही ठरलेल्या. मला हे अर्धं मान्य आहे. मैफल आणि तीन मिनिटांची तबकडी यांत जे अंतर आहे तेच इथे आहे. पण आपण जुन्या गवयांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या फेकून दिल्या नाहीत. त्यातल्या एका तानेवरून पूर्ण मैफलीचा अंदाज बांधायला शिकलो. मुंबईच्या क्लबांतल्या रात्री गेल्याच आहेत. त्या रात्रींचं जे काही उरलंय ते बहुतेक या गाण्यांच्या मधल्या जागांत उरलंय, निनावी. म्हणून या शहराचा जॅझचा वारसा जपायचा तर हॉटेलच्या लॉबीपेक्षा आधी इथे शोधावं असं मला वाटतं.

बार्द्रॉय बार्रेतोचा 'नाचुंया कुंपासार' हा सिनेमा नेमका इथून सुरू होतो. २०१४ चा, कोकणी. नावाचा अर्थ, ठेक्यावर नाचूया. ख्रिस पेरी हा संगीतकार आणि लोर्ना ही गायिका, यांच्या आयुष्यावरून स्फुरलेली गोष्ट. पडद्यावर त्यांची नावं लॉरी आणि डोना. विजय मौर्य आणि पालोमी घोष. पेरींची त्या काळातली वीसेक गाणी पुन्हा वाजवून, गाऊन सिनेमाभर ओवली आहेत. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पालोमी घोषची दखलही घेतली गेली. मराठी माणसाला हा सिनेमा सबटायटलकडे निम्मं लक्ष ठेवून समजतो.

इथे वादक माणसं आहेत. ती हॉटेलच्या मागच्या दाराने आत येतात. पैशावरून भांडतात. लॉरी डोनाला तालमीत इतकं पिळतो की आपल्यालाच घशाला कोरड पडते. आणि मुख्य म्हणजे बँड वाजतो तेव्हा कॅमेरा बँडकडे जातो. एका वादकाने दुसऱ्याकडे टाकलेली नजर दिसते. पेरींचं मोठेपण काय होतं हे हा सिनेमा भाषण न करता दाखवतो. इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवून दाखवणारे मुंबईत पुष्कळ होते. पेरींनी तोच दणदणीत ब्रास कोकणी तियात्राच्या गाण्याखाली आणून ठेवला. 'बेबदो' हे गाणं दारुड्याबद्दल आहे. विषय गावच्या अंगणातला आणि वाद्यमेळ न्यूयॉर्कच्या तोडीचा. नक्कल संपून स्वतःचं बोलणं सुरू होतं ते इथे.

माझं भांडण सिनेमाच्या उत्तरार्धाशी आहे. प्रेमकथा इतकी फुगते की संगीत तिचं दुःख वाहणारी हातगाडी होतं. विवाहित पुरुष, झिजत जाणारी बाई, बाटली, पाऊस, अखेरीस पुनरागमन. खऱ्या लोर्ना वर्षानुवर्षं गप्प राहून नव्वदच्या दशकात पुन्हा गायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट कोणत्याही पटकथेपेक्षा जबर आहे. पण एवढी वर्षं एका गायिकेचं गाणं थांबू शकतं याचं कारण फक्त मोडलेलं मन नसतं. या धंद्यात करार कोणाच्या हातात, बँड कोणाच्या नावावर, बाईला बोलावणार कोण, हे प्रश्न असतात. सिनेमा त्यांच्या दारापर्यंत जातो आणि रडून परत येतो. तरीही 'बॉम्बे वेल्व्हेट' आणि हा शेजारी ठेवले, तर शहराचा वारसा कोणी जपला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यासाठी सेटवर किती खर्च झाला हे विचारायची गरज पडत नाही.

माहितीपटांबद्दल थोडक्यात. अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर केलेला आणि रुद्रदीप भट्टाचार्य यांचा, लॉर्ड कुटुंबावरचा 'द ह्यूमन फॅक्टर', हे दोन्ही मिळतील तिथे बघा. अँथनी गोन्साल्विस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ आला असणार. तो माणूस खरा होता. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि ॲरेंजर. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले आणि १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या त्या गाण्यात गुरूचं नाव देशाच्या तोंडी बसवलं. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचना घेऊन मोठा वाद्यवृंद उभा केला होता, लता आणि मन्ना डे त्यात गायले होते. ते जॅझवाले नव्हेत. पण होते त्याच खोल्यांतले, त्याच स्वरलिपीच्या पानांवर जगलेले. नाव सगळ्यांना पाठ आणि माणूस कोणालाच माहीत नाही, असं त्यांच्याबाबतीत आयुष्यभर झालं. २०१२ मध्ये ते गोव्यात वारले.

२०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ओव्हलच्या पश्चिमेच्या, मरीन ड्राइव्हच्या त्या गोलाकार बाल्कन्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या. म्हणजे लिऑन ॲबी मुंबईत वाजवत होते त्याच काळातल्या. सिमेंटला दर्जा मिळाला याचा आनंदच आहे, त्यासाठी तिथल्या रहिवाशांनी खूप खटपट केली. पण त्याच भागातल्या आवाजाचं काय झालं ते बघा. मरीन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यावर पूर्वी 'टॉक ऑफ द टाउन' होतं, तिथे बँड वाजायचे. पुढे तिथेच 'जॅझ बाय द बे' आलं. आता तिथे 'पिझ्झा बाय द बे' आहे. पिझ्झा बरा असतो. जॅझ पाटीवरूनसुद्धा गेलं.

आणि रंगभवन. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी उघडं नाट्यगृह. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या मंडळींनी 'जॅझ यात्रा' सुरू केली तेव्हा इथे सॉनी रोलिन्स वाजवून गेले. सॉनी रोलिन्स! उघड्या आकाशाखाली, कुडांपासून हाकेच्या अंतरावर. त्यानंतर वर्षाआड जगभरचे वादक आले आणि ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांच्यासारखे आपले वादक त्यांच्या तोडीने उभे राहिले. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, जवळ हॉस्पिटलं आणि कॉलेज म्हणून परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि २००३ च्या सुमाराला रंगभवन मुकं झालं. रुग्णाला झोप हवी याबद्दल वाद नाही. पण त्या जागेच्या बदल्यात शहराने वादकांना दुसरी तितकी स्वस्त, तितकी मध्यवर्ती जागा दिली नाही. उरलं ते एनसीपीएचं वातानुकूलित सभागृह आणि तिकीट काढून ऐकणारे ठरलेले चेहरे. मधल्या काळात लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' आलं, २०१६ मध्ये तेही बंद झालं.

मला स्मारकं नको आहेत. चिक चॉकलेट यांच्या नावाचा चौक झाला तरी त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्सच लागतील. मला एक क्षुल्लक गोष्ट हवी आहे. हा लेख लिहिताना मी फोनवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये 'शोला जो भड़के' उघडलं आणि श्रेयाच्या यादीवर बोट दाबलं. गायक : लता मंगेशकर, चितळकर. संगीत : सी. रामचंद्र. गीत : राजेंद्र कृष्ण. संपलं. दुसऱ्या ॲपमध्येही तेच. आजच्या नव्या गाण्यांखाली मिक्सिंग कोणी केलं, गिटार कोणी वाजवली, सगळी नावं असतात. जुन्या गाण्यांखाली तीच जागा रिकामी आहे. ती भरायला युनेस्को लागत नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्येच केलं. माहिती आहे, ती गाण्याच्या खाली पोचलेली नाही.

मागच्या अनंत चतुर्दशीला गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ उभा होतो. ढोलताशाची पथकं पुढे गेल्यावर एका जुन्या मंडळाचा गणपती आला, त्यांनी अजून ब्रास बँड ठेवलाय. लाल कोट, घामाने गडद झालेले. त्यांनी 'शोला जो भड़के' धरलं आणि रस्त्यातले काका लोक हात पसरून भगवानदादांची ती चाल चालायला लागले. दादांच्या म्हातारपणी दादरला मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबायच्या आणि ते बाहेर येऊन दोन पावलं टाकायचे, असं सांगतात. ट्रम्पेटवाला पन्नाशीचा असेल. ध्रुवपद झाल्यावर त्याने मधली जागा घेतली, आणि ती तबकडीवर आहे तशी वाजवली नाही. शेवटची ओळ दोनदा फिरवली, एक सूर ओढून ठेवला, ढोलवाल्याकडे बघून हसला आणि मग सोडला.

मंडळ थांबलं तेव्हा मी जवळ जाऊन विचारलं, हे मधलं कुठे शिकलात?

"वडील वाजवायचे," तो म्हणाला. "त्यांना एका गोवेकर मास्तरांनी शिकवलेलं."

मास्तरांचं नाव काय?

त्याने ट्रम्पेट उलटं करून थुंकी झटकली, थोडा विचार केला. "मास्तरच म्हणायचे सगळे," म्हणाला, आणि पुढचं गाणं सुरू झालं होतं.